सूत्र पाठ हवेच, पण उपपत्तीसह

सातवीच्या गणितात घातांकांचा धडा सुरू होतो, तेव्हा शिक्षकाला पहिल्याच तासाला एक निर्णय घ्यावा लागतो. नियम फळ्यावर लिहून आधी पाठ करून घ्यावेत, की मुलांनी गुणाकार उलगडून पाहत ते स्वतः काढावेत? धरणगावसारख्या तालुक्याच्या गावातल्या शाळेत हा निर्णय भरलेल्या वर्गात, पस्तीस-चाळीस मिनिटांच्या तासात आणि परीक्षेची तारीख समोर ठेवून होतो. त्याचे परिणाम मात्र लांबवर जातात. आठवीत बैजिक राशींना सरळरूप देणे, नववीत करणी आणि बहुपदी, अकरावी विज्ञानाला लॉगरिदम, हे सगळे याच पाच-सहा नियमांवर उभे आहे. म्हणून दोन्ही पक्षांचे म्हणणे नीट तोलून पाहायला हवे.

नियम थोडे आहेत. पाया समान असेल तर गुणाकारात घातांकांची बेरीज होते आणि भागाकारात वजाबाकी. घाताचा पुन्हा घात घेतला, तर घातांकांचा गुणाकार होतो. दोन संख्यांच्या गुणाकाराचा घात म्हणजे त्या प्रत्येकीच्या घातांचा गुणाकार. शून्य नसलेल्या कोणत्याही संख्येचा घातांक शून्य असेल तर किंमत १. घातांक ऋण असेल, तर त्याच धन घाताचा गुणाकार व्यस्त घ्यायचा. हे सारे एका तक्त्यावर मावते, आणि वर्गाच्या भिंतीवर असा तक्ता बहुतेक शाळांत असतोच.

सूत्र आधी, असे म्हणणाऱ्यांची बाजू हलकी नाही. शिष्यवृत्ती परीक्षेच्या पहिल्या पेपरात प्रथम भाषा आणि गणित मिळून ७५ प्रश्न असतात आणि वेळ ९० मिनिटांचा. एका प्रश्नाला सव्वा मिनिटही येत नाही. तिथे प्रत्येक वेळी गुणाकार उलगडत बसणाऱ्या मुलाचा पेपर अपुरा राहील. शेतकरी आणि मजूर कुटुंबातल्या मुलासाठी ही शिष्यवृत्ती म्हणजे पुढच्या शिक्षणाचा आधार असते. तिला परीक्षार्थीपणा म्हणून नाक मुरडणे सोपे आहे, पण न्याय्य नाही.

याहून खोल कारणही आहे. मुलाचे लक्ष एका वेळी थोड्याच गोष्टी पेलू शकते. अ चा वर्ग गुणिले ब या राशीचा घन घ्या, त्याला अ ने गुणा आणि येणाऱ्या राशीला अ चा चौथा घात गुणिले ब ने भागा, असे उदाहरण आले तर नियम अंगवळणी पडलेला मुलगा तीन ओळींत अ चा घन गुणिले ब चा वर्ग या उत्तरापर्यंत पोहोचतो. ज्याला प्रत्येक पायरीवर थांबून अ आणि ब मोजावे लागतात, त्याचे लक्ष मोजण्यातच खर्च होते आणि उदाहरणाचा रोख हातून सुटतो. पाढे पाठ असलेल्याला भागाकार सोपा जातो, त्यातलाच हा प्रकार.

या पक्षाचा सर्वांत बळकट मुद्दा मात्र वेगळाच आहे. उलगडून दाखवण्याची रीत सगळीकडे चालत नाही. २ चा पाचवा घात पाच वेळा २ लिहून दाखवता येतो. २ चा घातांक उणे ३ असेल, तर उणे तीन वेळा २ लिहिता येत नाहीत. आठवीत परिमेय घातांक येतात. तिथे ९ चा घातांक एक-द्वितीयांश दाखवायला ९ अर्ध्या वेळा कसे लिहिणार? उलगडण्याची सोय संपल्यावरही चिन्हे पुढे चालत राहतात, हेच बीजगणिताचे सामर्थ्य आहे. मुलाला शेवटी नियमावरच विश्वास ठेवायला शिकावे लागते.

आता दुसरी बाजू. केवळ पाठ केलेले नियम एकमेकांत मिसळतात आणि कोणता कुठे लावायचा हे मुलाला कळत नाही. घातांकांच्या वह्या तपासणाऱ्या कोणत्याही शिक्षकाला या चुका तोंडपाठ असतील. २ चा घन गुणिले २ चा चौथा घात, याचे उत्तर कोणी २ चा बारावा घात लिहितो, तर कोणी ४ चा सातवा घात. २ चा घन गुणिले ३ चा वर्ग दिला, की ६ चा पाचवा घात. ५ चा घातांक शून्य म्हणजे शून्य. २ चा घातांक उणे ३ म्हणजे उणे ८. अ अधिक ब चा वर्ग म्हणजे अ चा वर्ग अधिक ब चा वर्ग. गुणाकाराचा नियम बेरजेलाही लावला जातो: २ चा घन अधिक २ चा चौथा घात बरोबर २ चा सातवा घात असे लिहिणारा मुलगा खरे तर ८ आणि १६ यांची बेरीज १२८ सांगत असतो. किमती काढून पाहण्याची सवय असती, तर त्याला स्वतःलाच ती चूक खटकली असती.

या चुका निष्काळजीपणाच्या नाहीत. यातल्या बहुतेक मुलांनी नियम पाठ केलेला असतो. कमी पडते ते एवढेच, की घातांक कशाची मोजणी करतो हे त्यांच्यासमोर कधी उलगडलेले नसते. २ चा घन म्हणजे तीन वेळा २, चौथा घात म्हणजे चार वेळा २, दोन्ही शेजारी लिहून गुणले की एकूण सात वेळा २. हे ज्याने हाताने लिहून पाहिले, त्याला बेरीज करायची की गुणाकार, हा प्रश्न पडत नाही. बालभारतीचे सातवीचे पुस्तकही नियम सांगण्याआधी गुणाकार उलगडून दाखवते. घाईच्या तासात मात्र तो भाग डोळ्यांखालून जातो आणि चौकटीतला नियम तेवढा वहीत उतरतो.

ही दोन टोके आजची नाहीत, आणि बीजगणित शिकवण्याचा एक जुना पुरावा आपल्याच जिल्ह्यात आहे. चाळीसगावजवळच्या पाटण येथे, पाटणादेवीच्या परिसरात, शके ११२८ चा, म्हणजे इ. स. १२०६-०७ च्या सुमाराचा एक शिलालेख सापडला. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो विद्वानांपुढे आणला. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आपल्या आजोबांच्या 'सिद्धान्तशिरोमणी' आदी ग्रंथांच्या अध्ययनासाठी तिथे मठ स्थापला, असे तो लेख सांगतो. या ग्रंथाच्या चार भागांत 'लीलावती'नंतर येतो तो 'बीजगणित'. आठशे वर्षांपूर्वी खानदेशात बीजगणित शिकवण्याची संस्था उभी होती. तिचा खर्च कसा चालायचा, तेही लेखातल्या जुन्या मराठी ओळींत आहे: पाटणच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावरच्या कराचा वाटा आणि चालत्या घाण्यांमागे तेल मठाला दिलेले होते. तेलाच्या घाण्याने आणि बाजाराने बीजगणिताचा भार उचलला होता.

त्या परंपरेत घातांकांचा विचार किती सूक्ष्म होता, हे घातांना दिलेल्या नावांत दिसते. दुसरा घात वर्ग, तिसरा घन, चौथा वर्गवर्ग. सहाव्या घाताला वर्गघन म्हणत, म्हणजे घनाचा वर्ग. तिथे २ आणि ३ यांचा गुणाकार आहे. पाचव्या घाताचे नाव मात्र वर्गघनघात, म्हणजे वर्ग आणि घन यांचा एकमेकांशी गुणाकार. तिथे २ आणि ३ यांची बेरीज आहे. आज आपली मुले ज्या दोन नियमांत गोंधळतात, ते दोन्ही नावांतच वेगळे काढून ठेवलेले होते. सजातीय राशींचीच बेरीज करावी, विजातीय राशी वेगवेगळ्या मांडाव्यात, असा नियमही भास्कराचार्यांनी 'बीजगणिता'त दिला आहे. अ चा वर्ग आणि अ चा घन एकत्र मिळवणाऱ्या विद्यार्थ्याला आजही हेच सांगावे लागते.

हे सारे ज्ञान श्लोकांत होते, म्हणजे पाठ करण्यासाठीच रचलेले होते. पाठांतराचा पक्ष आपल्या परंपरेतून उपटून टाकता येणार नाही. पण त्या परंपरेने श्लोकाशेजारी उपपत्तीही ठेवली. नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५४५ मध्ये 'लीलावती'वर 'बुद्धिविलासिनी' ही टीका लिहिली आणि तिच्यात नियमांची कारणे दिली. सतराव्या शतकाच्या आरंभी कृष्ण दैवज्ञांनी 'बीजगणिता'वरच्या 'बीजपल्लव' टीकेत तेच केले. सूत्र स्मरणासाठी आणि उपपत्ती खात्रीसाठी, अशी ती जोडी होती. आपल्या वर्गांनी त्यातले सूत्र ठेवले आणि उपपत्ती सोडून दिली.

युरोपात या नियमांची वाट बरीच लांबची होती. आर्किमिडीजने वाळूचे कण मोजण्याच्या निमित्ताने दहाच्या घातांचा गुणाकार करताना घातांकांची बेरीज होते हे ओळखले होते. फ्रान्सच्या निकोला श्युके याने १४८४ मध्ये शून्य आणि ऋण घातांक वापरले, पण तो ग्रंथ हस्तलिखितातच राहिला. देकार्तने १६३७ मध्ये घातांक पायाच्या वरच्या कोपऱ्यात लिहिण्याची आजची पद्धत रूढ केली. ऋण आणि अपूर्णांक घातांकांचा पद्धतशीर वापर वॉलिस आणि न्यूटन यांच्या काळात, सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झाला. बेरजेचा नियम आणि ऋण घातांक यांच्यामध्ये इतकी शतके गेली याचे कारण असे, की हे दोन नियम मुळात एका जातीचे नाहीत. समान पायाच्या गुणाकाराचा नियम मोजून सिद्ध होतो. शून्य आणि ऋण घातांक मोजता येत नाहीत. भागाकाराचा नियम तिथेही खरा राहावा म्हणून त्यांचा अर्थ तसा ठरवावा लागतो. शून्य नसलेल्या कोणत्याही संख्येच्या पाचव्या घाताला त्याच घाताने भागले तर १ येतो, आणि नियमाने घातांक ५ वजा ५ म्हणजे शून्य होतो. म्हणून शून्य घातांकाची किंमत १ ठरते. मोजून मिळणारे नियम कोणते आणि ठरवलेले कोणते, हा भेद मुलांना कोणी सांगत नाही. तो सांगितला, तर शून्य घातांकाची किंमत शून्य का नाही हा कूटप्रश्न राहत नाही.

हे सगळे धरणगावच्या मुलाला कशासाठी हवे, असा प्रश्न पालक विचारतात आणि त्याला सरळ उत्तर द्यायला हवे. कर्ज हा आपल्या भागातला रोजचा विषय आहे. १ लाख रुपये चक्रवाढीने दरसाल १० टक्क्यांनी घेतले, तर रक्कम दरवर्षी १.१ पट होते. आधी ३ वर्षे आणि मग आणखी ४ वर्षे गेली, तर एकूण ७ वर्षे गेली, म्हणून घातांकांची बेरीज करायची. सात वर्षांनी ती रक्कम सुमारे १ लाख ९४ हजार ८७२ रुपये होते. बेरजेऐवजी गुणाकार करणारा मुलगा १२ वर्षांचे उत्तर काढेल, ते सुमारे ३ लाख १३ हजार ८४३ येईल. दुपटीहून कमी ते तिपटीहून जास्त, एवढे अंतर एका नियमाच्या गोंधळाने पडते.

पाण्याचा हिशेबही तसाच. हेक्टर म्हणजे १० चा चौथा घात इतके चौरस मीटर. मिलिमीटर म्हणजे मीटरचा हजारावा भाग, तिथे १० चा घातांक उणे ३. हेक्टरभर शेतावर १ मिलिमीटर पाऊस पडला, तर ४ आणि उणे ३ यांची बेरीज १ येते, म्हणजे १० घनमीटर पाणी. घनमीटरात १,००० लिटर, म्हणून १० हजार लिटर. गिरणा धरणाच्या पाण्याच्या बातम्या कधी टीएमसीत येतात, कधी दलघमीत, म्हणजे दशलक्ष घनमीटरात. टीएमसी म्हणजे हजार दशलक्ष घनफूट, १० चा नववा घात. एका घनफुटाचे सुमारे ०.०२८३ घनमीटर होतात, तेव्हा १ टीएमसी म्हणजे सुमारे २८.३ दलघमी. हे रूपांतर ज्याला स्वतः करता येते, तो धरणाच्या पाण्यावरची चर्चा दुसऱ्याच्या भरवशावर ऐकत नाही. अर्थात हा हिशेब नुसत्या नियमाने जमत नाही आणि नुसत्या समजुतीने वेगाने होत नाही. दोन्ही लागतात.

भाषेचा मुद्दाही तोलावा लागेल. आपल्याकडच्या अनेक मुलांची घरची बोली अहिराणी, शाळेची भाषा प्रमाण मराठी, आणि सेमी इंग्रजीच्या वर्गात गणित इंग्रजीतून. पाया आणि घातांक म्हणायचे तिथे बेस आणि इंडेक्स येतात. सूत्रवाद्यांना इथे एक बळ मिळते: चिन्हांना भाषा लागत नाही, नियम तिन्ही भाषांत सारखाच लिहिला जातो. पण चूक का झाली हे समजावायला भाषा लागते, आणि ती मुलाला आपलीशी वाटणारी असावी लागते. सेमी इंग्रजीच्या वर्गातही स्पष्टीकरण मराठीतून, गरज पडली तर अहिराणीतून व्हावे. परीक्षेतले शब्द इंग्रजी असले, तरी कारण घरच्या भाषेत समजले तर अडत नाही.

शिक्षकांच्या अडचणी बाजूला ठेवून कोणताही निवाडा करणे योग्य होणार नाही. अभ्यासक्रम वेळेत संपवायचा, अशैक्षणिक कामे सांभाळायची, वर्गातल्या काही मुलांचे पाढेही कच्चे असताना सातवीचा धडा पुढे न्यायचा, हे सोपे नाही. मुलांना सगळे शोधू द्या, असा उपदेश बाहेरून करणाऱ्याला तासाचा हिशेब द्यावा लागत नाही. म्हणून जो मार्ग सुचवायचा, तो शिक्षकाला परवडेल एवढ्याच वेळेत बसला पाहिजे.

दोन्ही बाजू तोलल्यावर आमचे मत असे आहे. क्रम बदलावा, प्रमाण बदलू नये. धड्याच्या पहिल्या दोन तासांत फळ्यावर एकही सूत्र लिहू नये. मुलांनी लहान संख्यांचे गुणाकार आणि भागाकार उलगडून लिहावेत आणि काय दिसते ते स्वतःच्या शब्दांत सांगावे. तिसऱ्या तासाला त्यांच्याच वाक्यातून नियम चिन्हांत लिहावा. शून्य आणि ऋण घातांकांसाठी ३२, १६, ८, ४, २ अशी उतरती ओळ मांडून पुढे काय येईल ते विचारावे. प्रत्येक पायरीला निम्मे होत जाते, म्हणून १, मग एक-द्वितीयांश, मग एक-चतुर्थांश ही उत्तरे मुलेच देतील. त्यानंतर मात्र सराव भरपूर व्हावा आणि नियम पक्के पाठ व्हावेत, यात सवलत नको. समजले आहे म्हणून सराव नको, हा समज पाठांतराइतकाच घातक आहे.

यासाठी दोन जादा तास लागतील. पुढे नववीत तेच नियम पुन्हा शिकवण्यात आणि त्याच चुका पुन्हा दुरुस्त करण्यात याहून जास्त वेळ जातो, म्हणून हा खर्च परवडणारा आहे. राज्यात नवा अभ्यासक्रम २०२५-२६ पासून पहिलीला लागू झाला असून पुढच्या इयत्तांत तो टप्प्याटप्प्याने येणार आहे. एनसीईआरटीच्या आठवीच्या 'गणित प्रकाश'मध्ये घातांकांचा धडा कागदाच्या घड्या घालण्यापासून सुरू होतो, ही दिशा योग्य आहे. पण पुस्तक बदलल्याने वर्ग बदलत नाही. सध्याच्या पुस्तकातही गुणाकार उलगडून दाखवलेला आहेच, पण तो भाग शिकवला गेला नाही. प्रश्नपत्रिका कारण विचारत नाही, तोवर कारण शिकवायला कोणाला सवड होणार नाही.

म्हणून धरणगाव आणि परिसरातल्या मुख्याध्यापकांना आणि गणित शिक्षकांना आमची विनंती आहे. सातवी-आठवीच्या येत्या घटक चाचणीत घातांकांवरची नेहमीची उदाहरणे तशीच ठेवा, आणि त्यांच्याबरोबर एक प्रश्न असा घाला: दोन उत्तरे दिली आहेत, त्यातले चूक कोणते आणि का, ते लिहा. त्याला पूर्ण गुण द्या. पालकांनीही मुलाच्या वहीतले उत्तर बरोबर आहे का, एवढ्यावर न थांबता ते कसे आले हे विचारावे. त्यासाठी स्वतःला बीजगणित येण्याची गरज नाही. मुलाला उत्तर सांगता आले पण कारण सांगता आले नाही, तर तो धडा अजून संपलेला नाही असे समजावे.